गोल्फचा नियम १६.२ आणि आपल्या शिवारातला खाडा

गोल्फच्या नियमांच्या पुस्तकात एक नियम आहे. नंबर १६.२. विषय धोकादायक प्राणी.

नियम सोप्या भाषेत असा आहे. तुमचा चेंडू जिथे जाऊन पडला तिथे जवळ विषारी साप आहे, डंख मारणाऱ्या माश्या आहेत, मगर आहे, चावऱ्या लाल मुंग्या आहेत किंवा अस्वल आहे. तिथे उभं राहून चेंडू मारायला गेलात तर गंभीर इजा होऊ शकते. मग तिथून मारायचं नाही. जिथे धोका नाही अशी जवळातली जवळ जागा बघायची, होलच्या दिशेने पुढे सरकायचं नाही, आणि त्या जागेपासून काठीच्या एका लांबीच्या आत तोच किंवा दुसरा चेंडू टाकून खेळ पुढे सुरू करायचा.

याला दंड किती? शून्य. एकही फटका वाढत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकारसाहेब, आपल्या तालुक्यात गोल्फचं मैदान कुठंय? कुकडीचं आवर्तन वेळेवर सुटत नाही आणि हे बसलेत हिरवळीवरच्या खेळाच्या गप्पा मारत. थांबा. रागवायचं ते शेवटी रागवा. हा नियम मी तीन-चार वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी डोळ्यासमोर हिरवळ नाही, आपला ऊस आला. त्यात रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरणारा माणूस आला. पहाटे कोयता घेऊन फडात शिरणारी बाई आली.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. हौसेने खेळणाऱ्या माणसाला सापापासून बाजूला व्हायचा लेखी हक्क आहे, आणि पोटासाठी राबणाऱ्याला तो नाही. त्याला बाजूला व्हायचं असेल तर खाडा भरावा लागतो.

आधी तो नियम नीट समजून घेऊ, कारण लिहिणाऱ्यांनी तो डोकं लावून लिहिलाय.

गोल्फ हा मुळात हट्टी खेळ. त्याचं पहिलं तत्त्वच असं की चेंडू जसा पडला तसाच मारायचा. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ इथे या खेळाचे पहिले लेखी नियम झाले, एकूण तेरा. त्यातला एक असा होता की चेंडू माणसाला, घोड्याला, कुत्र्याला किंवा कशालाही अडून थांबला तरी जिथे थांबला तिथूनच मारायचा. तक्रार चालणार नाही. अशा हट्टी लोकांनी हळूहळू मान्य केलं की सगळीकडे हे तत्त्व चालवलं तर माणूस मरेल. आधी साप आणि मधमाश्यांबद्दलचा निवाडा नियमांच्या वेगळ्या निर्णयपुस्तिकेत होता. २०१९ ला नियमांची मोठी फेरमांडणी झाली, तेव्हा तो मुख्य पुस्तकात आला. स्कॉटलंडची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून हे पुस्तक काढतात आणि ते जगभर चालतं.

या नियमात चार गोष्टी आहेत. चारही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिली. इजा झाल्यावर नाही, इजा होऊ शकते म्हणून सुटका. साप चावलाय हे दाखवावं लागत नाही. साप जवळ आहे, एवढं पुरे.

दुसरी. गोल्फमध्ये नियम लावायची पहिली जबाबदारी खेळाडूची. प्रत्येक चेंडूमागे पंच उभा नसतो. जागेवर उभा असलेला माणूस बघतो आणि ठरवतो. क्लबच्या सेक्रेटरीकडे अर्ज करून, पोच घेऊन परत यावं लागत नाही.

तिसरी. दंड नाही. हे सगळ्यात मोठं. घाबरलास म्हणून एक फटका जास्त, असं नाही.

चौथी. प्राण्याला हात लावायचा नाही. मगर मारा, साप ठेचा, असं कुठेही लिहिलेलं नाही. मगर तिथेच राहते. हलतो तो चेंडू.

आणि कुणी याचा गैरफायदा घेईल ना? त्याचाही विचार केलाय. तुमचा चेंडू मुळातच दाट झुडपात अडकलाय, साप नसता तरी तो मारता आला नसता, तर सापाचं निमित्त करून फुकट सुटका मिळत नाही. म्हणजे नियम भोळा नाही. तो माणसावर विश्वास ठेवतो आणि लबाडीची वाटही बंद करतो. ‘सवलत दिली की लोक माजतात’ म्हणणाऱ्या आपल्या साहेब लोकांनी हे एकदा वाचावं.

एक खरा किस्सा. २०२० च्या जुलैमध्ये अमेरिकेत मेम्फिसला मोठी स्पर्धा चालू होती. ब्रायसन डीशॅम्बो नावाचा नामांकित खेळाडू. त्याचा चेंडू झाडाजवळ अडचणीत पडला. त्याने अधिकाऱ्याला बोलावलं, म्हणाला इथे लाल मुंग्या आहेत, मला नियमाप्रमाणे सुटका द्या. अधिकारी आला, वाकून बघितलं, बोलणं झालं, आणि सुटका नाकारली. गड्याला तिथूनच मारावं लागलं.

लोक त्याच्यावर हसले. मला हसू आलं नाही. मी विचार करत बसलो की जगात अशीही जागा आहे जिथे माणूस म्हणतो ‘मला इथे मुंगी चावेल’ आणि नियमपुस्तक घेऊन एक अधिकारी जागेवर येतो, वाकतो, बघतो, निर्णय देतो. निर्णय विरोधात गेला तर गेला. पण कुणीतरी आलं. आपल्याकडे ‘बिबट्या दिसला’ म्हणून फोन केला तर पहिला प्रश्न असतो, “फोटो आहे का?”

बाहेर तर याहून भारी मैदानं आहेत. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या आत स्कुकुझाला गोल्फचं मैदान आहे, त्याला कुंपण नाही. त्याच देशात सन सिटीच्या एका मैदानावर तेराव्या होलजवळ मगरींचा खड्डाच बांधून ठेवलाय. ऑस्ट्रेलियात कारब्रुकला पुराच्या पाण्याबरोबर शार्क मासे मैदानाच्या तळ्यात आले आणि कितीतरी वर्षं तिथेच राहिले. तिथे जाणारा माणूस हौसेने, पैसे भरून, थरार हवा म्हणून जातो. आणि तरीही पुस्तक त्याला सांगतं, बाबा, मगरीजवळ उभा राहू नकोस, तुझा एकही फटका आम्ही वाढवणार नाही.

विजेचंही तसंच. ढग आले, वीज पडेल असं खेळाडूला वाजवी कारणाने वाटलं, तर तो कुणाला न विचारता खेळ थांबवू शकतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये वीज पडून माणसं कुठे जातात? शेतात, झाडाखाली, जनावरांमागे. त्यांना काम थांबवायला कुणाची तरी परवानगी लागते.

पण या नियमातही एक गोम आहे. त्यात शब्द ‘खेळाडू’ असा आहे. इजा खेळाडूला होऊ शकत असेल तर सुटका. आपल्या देशात गोल्फची जड बॅग खेळाडू स्वतः वाहत नाही. ती कॅडी वाहतो. झुडपात गेलेला चेंडू शोधायला पुढे कोण जातो? कॅडी. चेंडू शोधायला तीन मिनिटं असतात. त्या तीन मिनिटांत काठीने गवत हलवत आत जाणारा पाय बहुतेक वेळा त्याचाच. पहाटे गवत कापायला मैदानावर येणारा माळीसुद्धा या नियमात नाही. तो खेळतच नाही, मग त्याला सुटका कशी मिळणार?

तर मंडळी, इथून आपल्या शिवारात या. कारण आपण सगळे त्या कॅडीच्याच बाजूचे आहोत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्याच तालुक्यातल्या एका वस्तीवरचा सालगडी. नाव, गाव लिहीत नाही, त्याला पुढेही तिथेच राहायचंय. रात्रीची लाईट होती म्हणून उसाला भरणं करत होता. दारं मोडायला वाकला आणि पायाला घोणस चावली. बांधावर ओरडला, शेजारच्या वस्तीवरच्या पोरांनी मोटारसायकलवर मधे बसवून आणला. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, इथे सोय नाही, पुढे न्या. दुसऱ्या ठिकाणी लस मिळाली. माणूस वाचला, देवाची कृपा आणि त्या पोरांची. बारा दिवस अंथरुणात होता.

महिन्याने भेटायला गेलो. पाय अजून काळानिळा. विचारलं, मालकाने काय केलं? म्हणाला, “मालक चांगलाय दादा, दवाखान्याला पैसे दिले.” मग जरा थांबला. “ते सालात धरलेत. आन् बारा दिवसाचे खाडे.”

म्हणजे बघा. मालकाच्या उसात, मालकाच्या कामाला, लाईटच्या वेळेला, साप चावला. आणि दंड कुणाला? ज्याला चावला त्याला. बारा दिवसांचा.

मालक वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहितोय. त्याच्यावरही सोसायटीचं कर्ज आहे. पण इथे हिशेबच असा लिहिलाय की धोक्याची किंमत नेहमी सगळ्यात खालच्या माणसाच्या खात्यावर पडते. गोल्फच्या पुस्तकाने ती किंमत खेळाच्या खात्यावर टाकली. चार मिनिटं उशीर होईल, चेंडू दुसऱ्या जागी पडेल, प्रतिस्पर्धी कुरकुर करेल, ते खेळाने सोसायचं. आपल्याकडे ना धंदा सोसतो, ना कारखाना, ना वीज कंपनी, ना सरकार.

ऊसतोडीचं बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन बीड, पाथर्डी, शेवगावकडून टोळ्या येतात. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला. एक दिवस कामावर गेला नाही की खाडा. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. त्यात हेच पुढे आलं होतं की पाळीच्या दिवसांतही सुट्टी परवडत नाही, कारण दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत खाडा लागतो. मग मला सांगा, जिला स्वतःच्या पोटात कळ आली म्हणून एक दिवस बसता येत नाही, ती बाई “या फडात बिबट्याची पिल्लं दिसलीत, आज मी आत जाणार नाही” असं म्हणू शकेल? म्हटलंच तर मुकादम काय म्हणेल? चिटबॉय काय म्हणेल? कारखान्याची गाडी रिकामी उभी राहील, तिचं भाडं कोण देणार, हेच म्हणतील.

आणि बिबट्या उसात असतोच. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत सावली, पाणी, बाहेर वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं. मादी तिथेच वीते. तोड सुरू झाली की तिचं घर एका बाजूने कमी होत जातं, आणि शेवटच्या सऱ्यांमध्ये पिल्लं सापडतात. वाकून तोडणारी बाई, बसलेलं पोर, हे बिबट्याच्या नजरेला माणूस म्हणून दिसतही नाही, लहान जनावर दिसतं. वनखातंच सांगतं, वाकून काम करताना सावध राहा. अहो, ऊस ताठ उभं राहून तोडतात का? बुडख्यालाच कोयता मारावा लागतो.

घोडच्या पलीकडे शिरूर तालुक्यात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काय झालं ते आपण जवळून पाहिलं. पिंपरखेड-जांबुत परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. पाच वर्षांची मुलगी, एक म्हातारी, तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी महामार्ग अडवला. मग नेमबाज आले, बिबट्या मारला, फोटो आले, नेते आले. आणि त्याच दिवसांत तिथल्या बाया-माणसांचे फोटो आले, शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेले. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो ना, तसाच पट्टा. बिबट्याने नरडं धरू नये म्हणून.

त्या फोटोवर खूप हळहळ व्यक्त झाली. मला तेव्हाही चीड आली होती, आजही येते. कारण तो पट्टा म्हणजे आपण लिहिलेला नियम आहे. तो नियम असा: चेंडू जसा पडला तसाच मार, फक्त गळ्याला पट्टा बांध.

आता दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर तुटून पडतील. ते आत्ताच सांगून टाकतो.

एक बाजू म्हणते, सगळे बिबटे मारा, नाहीतर पकडून लांब सोडा. पोटचं पोर गेलेल्या आईबापाने असं म्हटलं तर मी त्यांच्यासमोर एक शब्द बोलणार नाही. पण ‘पकडून लांब सोडा’ हा प्रयोग आपल्याकडे झालाय. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात बिबटे धरून दुसरीकडे सोडायचा सपाटा लागला, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून तो छापलाय. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या भागात बिबटे माणसांच्या किती जवळ राहतात, हेही त्यांनी दाखवलं. माणसाला मारणारा बिबट्या धरावा लागेल, कधी मारावाही लागेल. पण एक उचलला की मोकळ्या जागी दुसरा येतो. ऊस आहे तोवर तो आहे.

दुसरी बाजू शहरातली. “आपण त्यांच्या जंगलात घुसलोय, सहजीवन शिका.” साहेब, सहजीवन म्हणजे एकाने जगायचं आणि दुसऱ्याने सोसायचं असं असतं का? फ्लॅटच्या बाल्कनीतून सहजीवन सोपं आहे. आमच्याकडे संडासला जायचं तरी दोघं मिळून जातात.

म्हणून मला तो गोल्फचा नियम आवडला. तो दोन्ही बाजूंना गप्प करतो. तो म्हणतो मगरीला राहू दे आणि माणसालाही जगू दे. बाजूला माणूस होईल, पण बाजूला होण्याचा भुर्दंड त्याच्यावर पडणार नाही. या शेवटच्या वाक्याशिवाय ‘सहजीवन’ हा शब्द निव्वळ ढोंग आहे.

आता सापाचं. बिबट्याची बातमी होते, सापाची होत नाही. मी स्वतः बातमीदार आहे, मला माहितीय. बिबट्याने मारलं तर पहिलं पान. साप चावून गेला तर आत, दोन ओळी, ‘सर्पदंशाने मृत्यू’. पण २०२० ला प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने काढलेला आकडा असा की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने अंदाजे बारा लाख माणसं मेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ ला सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. आपल्या केंद्र सरकारने २०२४ ला राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. चांगलं आहे. पण आराखडा दिल्लीत आहे आणि घोणस बांधावर.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं. या चौघांच्या विषावर एकच लस चालते. मण्यार चावलेली कळतही नाही, दुखत नाही, माणूस झोपतो आणि झोपेतच श्वास अडतो. तिथे लसीबरोबर श्वासाचं यंत्र लागतं. म्हणजे सगळा खेळ मिनिटांचा. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर उपचार शोधला, जगाने तो मान्य केला, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. गावात राहून करणारा माणूस असेल तर होतं. पण प्रत्येक तालुक्याला बावस्कर मिळत नाहीत, म्हणून व्यवस्था लागते.

माणूस गेलाच, तर पुढे काय? बिबट्याने मारलं तर वनखात्याकडून २५ लाख. साप चावून गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख. तेही सातबारा असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. सालगड्याचा सातबारा कुठला? ऊसतोड बाईचा सातबारा कुठला? जो दुसऱ्याच्या रानात राबतो, त्याला साप चावला तर तो या योजनेच्या कागदात बसत नाही. अगदी त्या कॅडीसारखा.

आणि आपली सगळी व्यवस्था सुरू होते पंचनाम्यापासून. पंचनामा म्हणजे काय? झाल्यानंतरचा कागद. गोल्फचा नियम सुरू होतो ‘इजा होऊ शकते’ इथून. आपला सुरू होतो ‘मयत इसम’ इथून. एवढाच फरक आहे, आणि या फरकात माणसं जातात.

रात्रीच्या लाईटबद्दल बोलल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. शेतीपंपाला थ्री फेज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. कारण काय, तर दिवसा आणि संध्याकाळी विजेची मागणी जास्त, रात्री वीज शिल्लक, मग ती शेतीला. हिशेब बरोबर आहे. वीज कंपनीच्या वहीत बरोबर आहे. पण साप निघतो रात्री, बिबट्या फिरतो रात्री, आणि थंडीत अंगावर घोंगडी घेऊन माणूस दारं धरतोय तोही रात्री. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिचा दुसरा भाग आला. जिथे झाली तिथे लोक सुखात आहेत, हे मान्य करतो. पण अजून कितीतरी फीडरवर रात्रीची पाळी आहे. ज्या गावात बिबट्याचा वावर वनखात्यानेच मान्य केलाय, पिंजरे लावलेत, फलक लावलेत, ‘रात्री एकटे फिरू नका’ असं स्पीकर लावून सांगतात, त्याच गावाला वीज कंपनी रात्रीची लाईट कशी देते? एक खातं म्हणतं घरात बस, दुसरं म्हणतं रानात ये. दोन्ही सरकारचीच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्यालाही एक १६.२ लिहून द्या. लांबलचक धोरण नको, पाच ओळी पुरे.

१. ज्या गावात बिबट्याचा वावर मान्य झालाय तिथे शेतीपंपाला रात्रीची पाळी बंद. वर्षाने नाही, वावर मान्य केला त्या आठवड्यापासून.

२. फडात बिबट्या, पिल्लं किंवा विषारी साप दिसला आणि टोळी बाहेर आली, तर त्या दिवसाचा खाडा नाही. तो दिवस कारखान्याने भरायचा. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, त्याच्या नावाने टनामागे पैसे घेतले जातात. मग त्या पैशातून हे करता येत नाही?

३. साप चावलेल्या सालगड्याचे, मजुराचे उपचाराचे दिवस कापायचे नाहीत, आणि दवाखान्याचा खर्च सालात धरायचा नाही. यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. ग्रामसभेत ठराव होऊ शकतो. बागायतदार मंडळी, हे तुम्हाला उद्देशून आहे.

४. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लस किती शिल्लक आहे, हे बाहेरच्या फळ्यावर रोज लिहा. गावातल्या पोरांना मोटारसायकल कुठे वळवायची हे कळू द्या. पहिल्या दवाखान्यात जाऊन परत फिरण्यात गेलेली वीस मिनिटं कुणीच भरून देत नाही.

५. भरपाईला सातबारा विचारू नका. मेलेला माणूस कुणाच्या रानात मेला यावरून त्याची किंमत ठरत नाही.

यातलं काहीही अशक्य नाही. ‘लोक गैरफायदा घेतील’ म्हणणाऱ्यांनी वर जाऊन पुन्हा वाचावं. गैरफायदा कसा रोखायचा तेही त्या पुस्तकात दोन ओळींत लिहिलंय. ‘पैसे कुठून आणायचे’ म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, आत्ता हे पैसे कोण भरतंय? त्या सालगड्याने बारा दिवसांचे भरले. म्हणजे पैसे आहेत, फक्त चुकीच्या खिशातून जातायत.

पुढच्या आठवड्यात गळीत हंगामाच्या तयारीची बैठक आहे. कारखान्याचे लोक असतील, तहसीलदार असतील, वनखातं आणि वीज कंपनीही असेल. मी तिथे वहीपेन घेऊन बसणार आहे आणि दुसऱ्या क्रमांकाची मागणी उभं राहून विचारणार आहे. मिळेल ते उत्तर इथेच लिहीन, शब्द न बदलता. ज्यांच्या रानात टोळ्या उतरणार आहेत त्यांनी या, बसा, आणि तुम्हीही विचारा. ज्यांना साप चावलाय आणि ज्यांचे दिवस कापलेत, त्यांनी मला मेसेज करा. नाव छापणार नाही. दिवस मात्र मोजणार आहे.